दिशा स्थिर

१

समुद्राकाठच्या पोराला पोहण्याआधी एक गोष्ट शिकवतात. समोर दुसरी होडी दिसली की तिच्याकडे नीट बघत राहायचं. ती डावीकडे सरकत असेल तर डावीकडून निघून जाईल, उजवीकडे सरकत असेल तर उजवीकडून. पण सरकतच नसेल, जिथल्या तिथे राहून नुसती मोठी होत असेल, तर ती तुमच्यावरच येतेय. मग विचार करत बसायचं नाही, वल्हं मारायचं. आमच्या बापाने मला आणि थोरल्या सायलसला हे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर शिकवलं. पुढे एका धुक्याच्या सकाळी बापच आगबोटीखाली गेला. त्याला ती दिसलीच नसेल, असं आई म्हणते. मला वाटतं, दिसली असेल. सरकत नसेल.

मी हेडली कर्नो. नौदलात हाच नियम माझा धंदा झाला. मोठ्या तोफेचा गोळा लक्ष्यापर्यंत पोचेस्तोवर लक्ष्य पुढे गेलेलं असतं, म्हणून तोफ त्याच्या थोडी पुढे रोखावी लागते. किती पुढे, हे लक्ष्याची दिशा किती वेगाने बदलतेय त्यावर ठरतं. ते मोजायचं काम माझं. डोलकाठीवर उंच एक लोखंडी मचाण होतं, त्यात माझी दुर्बीण. तिच्या खालच्या पेटीत एक पितळी भोवरा गरगरत असायचा, त्यामुळे जहाज कसंही वळलं तरी दुर्बिणीला त्याचा पत्ता नसे. काचेत एक उभा केस होता. लक्ष्य त्या केसावर ठेवायचं आणि ते सरकेल तसं हातातलं चाक फिरवायचं. चाक किती भरभर फिरतंय ते शेजारच्या तबकडीवर दिसे, आणि तो आकडा मी बोलनळीतून खाली सांगत असे. उजवीकडे चार, डावीकडे दोन. लक्ष्य जागचं हललं नाही तर शब्द ठरलेला होता, 'स्थिर'. दोन जहाजं चालत असताना तो शब्द सहसा येत नाही. मी तो वर्षभरात एकदाही उच्चारला नव्हता.

खाली पोलादी पत्र्याआड, खिडकी नसलेल्या खोलीत लेफ्टनंट व्हेनिंग बसत. माझे आकडे घेऊन ते हिशेब करत आणि तोफांना कळवत. मचाणात माझ्याबरोबर अमोस टोझर असे. तो अंतर मोजायचा. डेव्हनचा जाडजूड गडी, बोलायला लागला की थांबायचा नाही.

१९१३च्या वसंतात सायलस पोर्टलंडला, आमच्या तळावर, आला आणि सरावाचं लक्ष्य ओढणाऱ्या छोट्या आगबोटीवर, टगवर, कामाला लागला. धाकट्याच्या जवळ राहायचं म्हणून मासेमारी सोडून आला, असं आईने लिहिलं होतं. तो टगच्या शेपटाला कुऱ्हाड घेऊन उभा राहायचा. ओढीचा दोर अडकला, टग उलटायला लागली, तर दोर तोडायचा, एवढंच काम. म्हणजे दिवसभर तो मागे बघायचा, आणि मी त्याच्या मागचं लक्ष्य बघायचो.

२

गोळीबाराची हद्द ठरलेली होती. आमचं जहाज पूर्वेकडून यायचं, टग पश्चिमेला उत्तरेकडे तोंड करून चालायची, आणि तिच्यामागे लाकडी जाळीचा, कापड ताणलेला तराफा. तेच लक्ष्य. त्या सकाळी नुसता सराव होता, गोळे नव्हते.

"उजवीकडे चार," मी नळीत सांगितलं. "उजवीकडे चार."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा हात थांबलाय. मी चाक फिरवत नव्हतो, आणि तरी लक्ष्य केसावर होतं.

"स्थिर," मी म्हणालो. आकडा दिसला की सांगायचा, ही सवय.

"काय म्हणालास?" व्हेनिंगसाहेबांचा आवाज नळीतून नेहमी नाकात आल्यासारखा येई.

"स्थिर, साहेब."

"कर्नो, आपण चालतोय, ते चालतंय. स्थिर कसं असेल? जागा आहेस ना?"

टोझर अंतर मोजायच्या दुर्बिणीवरचा डोळा न काढता हसला. "अरे, थकलं असेल बिचारं. घटकाभर टेकलं असेल."

मी काच पुसली, पुन्हा डोळा लावला. जाळी होती, कापड होतं, उंचीही तेवढीच. मग मी दोर शोधला. दोर नव्हता. पुढे जिथे टग असायला हवी तिथे रिकामं पाणी होतं.

डोळा काढून मी नुसत्या नजरेने बघितलं. टग होती, दोर होता, लक्ष्य आपलं मुकाट उजवीकडे चाललं होतं. नजरेला ते एकच दिसत होतं. काचेत जे होतं ते त्याच्या मागच्या बाजूला, थेट पश्चिमेला, हलायचं नाव घेत नव्हतं.

"टोझर, किती लक्ष्यं आहेत तिथे?"

"सकाळी किती कोको प्यालास तू?" टोझर म्हणाला. "एक. आणि तेही फाटकं."

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. आमच्या घरी रविवारी प्रार्थना आणि इतर दिवशी काम, एवढाच धर्म. म्हणून मी सरळ यंत्रापासून सुरुवात केली. पेटी उघडून भोवरा तपासला, काचा सोडवल्या, स्पिरिटने धुतल्या, केस बदलला. बंदरात नांगर टाकल्यावर दीपस्तंभावर दुर्बीण लावून बघितली. दीपस्तंभ होता तिथेच होता. पश्चिमेला वळवली, तर तिथे गावातली घरं आणि वाळत घातलेले कपडे. मला हायसं वाटलं. म्हटलं, डोळ्यांवर ताण आला असेल.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो आणि लक्ष्य पश्चिमेवरून जायला लागलं, तसं ते पुन्हा काचेत येऊन बसलं. त्यानंतर दर फेरीला तेच. खरं लक्ष्य माझ्या काचेतून कधी निसटायचं आणि त्याच्या जागी दुसरं कधी यायचं, तो क्षण काही केल्या मला पकडता आला नाही. ते आलं की हाताला कळायचं. चाक जड व्हायचं असं नाही, फिरवायची गरजच वाटायची नाही.

आठवड्याअखेर व्हेनिंगसाहेबांनी मला खाली बोलावलं. हुशार माणूस, गणितात बक्षिसं मिळवलेला, आणि ते सांगायला न विसरणारा. समोर कागदावर ठिपके होते. माझे सगळे ठिपके एका ओळीत, जिथे हवेत त्याच्या बरोब्बर चार घरं खाली.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "माणूस चुकतो, कर्नो. तो दर वेळी सारखाच चुकला म्हणजे झालं. आजपासून तुझ्या प्रत्येक आकड्यात आम्ही उजवीकडचे चार मिळवणार."

"साहेब, मी चुकत नाहीये. मला दिसतं तेच सांगतो."

"तेच तर म्हणतोय. तू आळशीपणाने बघतोस, पण इमानदारीने बघतोस."

आणि जमलं की. लहान गोळ्यांच्या सरावात सगळे गोळे लक्ष्याच्या अंगावर पडायला लागले. माझा 'स्थिर', त्यात साहेबांचे चार, बेरीज बरोबर. सगळे खूश. मी मात्र रोज त्या काचेत बघून खरंखुरं खोटं सांगत होतो, आणि त्याला वर शाबासकी मिळत होती.

शनिवारी धक्क्यावर सायलस भेटला. आईने केशर घातलेला पाव पाठवला होता, तो खात आम्ही समुद्राकडे पाय सोडून बसलो. तो माझ्या डाव्या हाताला बसला होता. ऊन चांगलं होतं, तरी माझ्या मानेला मागून गारवा लागत होता. सायलसही सारखा मान चोळत होता.

"मागे बघून बघून मान गेली माझी," तो म्हणाला. "परवा मोठे गोळे सोडणार म्हणे तुम्ही?"

"हो. बडे साहेब बघायला येणार आहेत."

"मग जरा बेतानं. लाटा आहेत, म्हणून कप्तान दोर आखूड ठेवणार आहे. लक्ष्य आमच्या अगदी बुडाशी असेल." तो हसला, पण त्याचं हसणं नेहमीचं नव्हतं. "आई काय म्हणते ठाऊक आहे ना? नवरा समुद्रानं नेला, पोरगा हेडलीनं नेला असं नको व्हायला."

मग तो काहीतरी विचारणार होता. "हेड, तुमच्या लोकांनी तिथे..." एवढं बोलून थांबला. मी विचारलं काय, तर म्हणाला काही नाही, पाव खा.

४

गोळीबाराच्या दिवशी नियम असा असायचा की पहिला हुकूम सुटला की बोलनळीत आकड्याखेरीज शब्द नाही. खाली ऐकणारे आकडाच ऐकायला बसलेले असतात. त्यात गप्पा घातल्या तर घोटाळा होतो, आणि मोठ्या तोफांच्या घोटाळ्यात माणसं मरतात. नियम चांगलाच होता.

आम्ही टगच्या दिशेने अंतर कमी करत निघालो. काचेत ते होतंच. नेहमीपेक्षा मोठं.

मी डोळा काढून नुसत्या नजरेने बघितलं. खरं लक्ष्य उजवीकडे चाललं होतं, दोर खरंच आखूड होता, आणि टगच्या शेपटाला एक काळा ठिपका होता तो माझा भाऊ. मला वाटलं, पुरे झालं हे नाटक. आज एवढे लोक बघतायत, आज तरी खऱ्या लक्ष्यावर केस ठेवू आणि खरा आकडा देऊ. तो आकडा मला तोंडपाठ होता, उजवीकडे चार. माझा हात चाकावर वळलासुद्धा.

आणि मग हिशेब माझ्या लक्षात आला. मी चार म्हणालो की खाली त्यात चार मिळवणार. तोफा आठ घेणार. गोळे लक्ष्याच्या पुढे पडणार, आणि लक्ष्याच्या पुढे आज आखूड दोरावर सायलस उभा होता.

मी नळीवर तोंड ठेवलं. "साहेब, ते चार काढून टाका."

"आकडा."

"साहेब, आज नका मिळवू. मी आता खऱ्या..."

"कर्नो." त्यांचा आवाज चढला नाही. "आणखी एक शब्द, आणि तुझ्या चाकावर दुसरा माणूस येईल."

दुसरा माणूस म्हणजे चांगल्या डोळ्यांचा माणूस. त्याला खरंच लक्ष्य दिसलं असतं, आणि त्याने इमानाने चार सांगितलं असतं. टगवरचे सगळे वाचायचे असतील तर त्या खुर्चीवर मीच बसायला हवं होतं, आणि मी जे बघत होतो तेच बघत राहायला हवं होतं. मी डोळा पुन्हा काचेला लावला. पापणी दाबली गेली इतका घट्ट लावला.

"स्थिर," मी म्हणालो.

तोफा सुटल्या. मचाण हादरलं, टोझरची टोपी उडाली. मी डोळा काढला नाही.

"पडले रे, जागेवर पडले," टोझर ओरडला.

"स्थिर."

जहाज जवळ जात होतं आणि ते मोठं होत होतं. आधी केसाच्या दोन बाजूंना थोडंथोडं दिसायचं, आता काच भरली. इतक्या जवळून मी ते कधी बघितलं नव्हतं. पाणी त्याच्या बुडाशी फुटत नव्हतं, लाट आली तशी पलीकडे जात होती. जाळीच्या पट्ट्यांना खिळे नव्हते, त्या एकमेकींत रुतलेल्या होत्या. वारा डावीकडून होता, आणि कापड वाऱ्याच्या विरुद्ध फुगत होतं. फुगायचं, थांबायचं, मग सावकाश बसायचं. माझा स्वतःचा श्वास त्याच्याबरोबर चालायला लागला तेव्हा मी तो मुद्दाम रोखून धरला.

"स्थिर." तोफा. "स्थिर."

मला पळून जावंसं वाटत होतं, हे मी लपवत नाही. पण त्या दिवशी भीतीपेक्षा मला राग जास्त होता. म्हटलं, ये तू. किती मोठं व्हायचं ते हो. तुझ्यापायी माझा भाऊ मरणार नाही.

शेवटच्या फैरीच्या वेळी ते वळायला लागलं. जागा सोडली नाही, केसावरून तसूभर हललं नाही, जागच्या जागी वळायला लागलं. तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी बघत होतो ती त्याची पाठ होती.

"गोळीबार बंद," नळीतून आवाज आला. जहाज फिरलं आणि टगपासून लांब जायला लागलं. काचेतलं ते लहान होत होत ठिपका झालं. त्याची दुसरी बाजू मला दिसली नाही. थोडीशी कड दिसली, आणि ती ओली होती.

"टोझर, टग?"

"टगला काय धाड भरलीय? तुझा भाऊ टोपी हलवतोय बघ. आज तुझ्या नावाने बिअर आहे, बाबा."

५

व्हेनिंगसाहेबांनी हस्तांदोलन केलं आणि आठवड्याची सुट्टी दिली. टगच्या लोकांनाही सुट्टी होती. सायलस एक दिवस आधी घरी गेला. आईचा निरोप होता, बापामागे पहिल्यांदा दोन्ही पोरं एका टेबलावर जेवणार.

गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. प्लीमथ सुटल्यावर कुंपणाच्या झाडांपलीकडे, पश्चिमेला, काहीतरी उभं दिसलं. शेतं मागे गेली, घरं मागे गेली, ते तिथेच राहिलं. आता दुर्बिणीची गरज नव्हती. स्टेशनागणिक ते वाढत गेलं. डब्यातली बाई मला म्हणाली, "काय बघताय एवढं?" मी म्हटलं, "गाई."

घरी पोचलो तेव्हा टेबल मांडलेलं होतं. चहा, मांसाच्या करंज्यांसारख्या गरम पास्टी, केशराचा केक. आमचं स्वयंपाकघर एवढंसं. मी दक्षिणेच्या खिडकीशी बसलो, समोर सायलस, आणि डाव्या हाताला, चुलीला पाठ करून आई. तिची खुर्ची कायम तीच, पश्चिमेच्या भिंतीशी.

मी केकची बशी घ्यायला आईकडे वळलो. तिच्या मागे चुलीवरच्या फळीवर निळ्या बशा मांडलेल्या असतात, लहानपणापासून. त्या बशा दिसत नव्हत्या. त्यांच्यापुढे काहीतरी होतं, आणि ते सावकाश फुगत होतं.

मी सायलसकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. आईच्या खांद्यामागे जिथे माझी नजर गेली होती तिथेच त्याची खिळली होती, आणि त्याच्या हातातला चहा बशीत सांडत होता.

"काय रे मेल्यांनो," आई म्हणाली. "मला काय शिंगं फुटलीत? जेवा की. आणि कुणीतरी ते दार लावा, माझ्या मानेला गार लागतंय."

सायलस उठला. कप तसाच हातात धरून तो दाराबाहेर गेला, अंगण ओलांडलं, गल्लीतून वर उत्तरेला चालत गेला. तो जसा लांब गेला तसं ते आईमागून भिंतीत गेलं, भिंतीपलीकडे गेलं. निळ्या बशा पुन्हा दिसायला लागल्या.

"याला काय झालं?" आईने विचारलं.

"पोट बिघडलंय त्याचं," मी म्हटलं, आणि केक खाल्ला. सगळा खाल्ला.

६

सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या कुरणात भेटलो. तो उत्तरेला, मी दक्षिणेला, मध्ये बरंच अंतर ठेवून, ओरडून बोलत होतो. गाईंना मजा वाटली असेल.

"मला वाटलं, तुमच्या लोकांनी दुसरं लक्ष्य लावलंय," सायलस म्हणाला. "तेच विचारणार होतो धक्क्यावर. आमच्या मागे, लक्ष्याच्या उजव्या अंगाला, नैऋत्येला उभं असायचं. टग कुठंही जाऊ दे, ते नैऋत्येलाच. आमच्या कप्तानाला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही."

"मला पश्चिमेला दिसतं."

"तुला लांबून दिसलं, हेड. मला दोराच्या टोकाशी होतं."

"कसं आहे ते?"

"कापड नाहीये ते," एवढंच तो म्हणाला. "पुढचं विचारू नकोस."

मग आम्ही जे केलं ते कुठलाही खलाशी करेल. एका माणसाला नुसती दिशा कळते, अंतर कळत नाही. दोघांनी दोन ठिकाणांहून बोट दाखवलं, तर दोन रेषा जिथे मिळतात तिथे ती वस्तू असते. मी पश्चिमेला हात केला, त्याने नैऋत्येला केला. रेषा कुरणाच्या टोकाशी, दगडी गडग्यापाशी मिळाल्या. ते तिथेच होतं. सायलस दहा-वीस पावलं माझ्याकडे आला. ते गडग्याच्या अलीकडे आलं. तो मागे सरकला, ते पलीकडे गेलं. टग आणि जहाज जवळ आली तेव्हा ते का वाढलं, गाडीत का वाढत गेलं, सगळं एका दमात कळलं. ते माझ्याकडे येत नव्हतं, त्याच्याकडेही येत नव्हतं. आम्ही एकमेकांकडे येत होतो.

"जागा बदलून बघू," मी म्हणालो. "मी उत्तरेला येतो, तू दक्षिणेला जा."

जागा बदलल्या आणि पश्चिम रिकामी झाली. नुसतं कुरण आणि आभाळ. सायलस हसायला लागला, मीही हसलो. आता आमच्या रेषा पुढे मिळतच नव्हत्या, फाकत गेल्या होत्या. मग मला सुचलं की पुढे फाकणाऱ्या रेषा मागे कुठेतरी मिळतातच. त्याच क्षणी माझ्या मानेवर गार, ओला वारा आला. आला, थांबला, मग सावकाश मागे ओढला गेला. धक्क्यावरच्या त्या शनिवारचा गारवा कुठला होता आणि बंदरात ते का दिसलं नव्हतं, तेही कळलं. मी मागे वळलो नाही. सायलस दक्षिणेला तोंड करून पळत सुटला होता, आणि मी उत्तरेला पळालो. ते पुन्हा करून बघितलं नाही.

सायलस त्याच आठवड्यात पार उत्तरेला, शेटलंड बेटांवर निघून गेला. निरोपाचं हस्तांदोलनसुद्धा आम्ही केलं नाही.

७

याला आता चौदा वर्षं होतील. मध्ये युद्ध झालं, दोघंही वाचलो, दोन वेगळ्या समुद्रांवर. तो शेटलंडमधल्या लर्विकच्या बंदरात टग चालवतो, मी पोर्ट्समथला चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आईकडे मी उन्हाळ्यात जातो, तो नाताळात. ते कुठून आलं, आमच्याच वाट्याला का आलं, याचा विचार मी सोडून दिलाय. माझ्या पोटमाळ्याच्या खिडकीतून ते पश्चिमेला दिसतं, टाचणीच्या डोक्याएवढं. रोज सकाळी बघतो. सायलस आहे तिथे आहे, एवढं त्यातून कळतं. पत्रापेक्षा खात्रीचं.

आईला वाटतं, आमचं भांडण आहे. दर उन्हाळ्यात ती केक कापते आणि म्हणते, "कुणाचं चुकलं ते मला नको. पण मी जायच्या आत एकदा दोघं या टेबलावर बसा." मी दर वेळी सायलसला शिव्या देतो, म्हणजे तिला भांडणच वाटेल. तोही नाताळात मला देत असणार.

काल शेजारच्या मिसेस नॅन्स यांची तार आली. आई अंथरुणाला, दिवस थोडे. एकेक नको, दोघे एकदम या म्हणते.

रात्रभर मी हिशेब केला. मी एकटा गेलो तर ती विचारेल, तो कुठाय. तो एकटा आला तर विचारेल, हा कुठाय. तिने आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. पण तिच्या मागे ते उभं असताना मी तिचा हात धरून बसणार नाही, आणि ते तिच्या अंगावर वळलेलं तर मुळीच बघणार नाही.

तिच्या खाटेचं उशाचं टोक पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. मी कागदावर दोन रेषा काढल्या. या वेळी मी खाटेच्या उत्तरेच्या अंगाला बसणार, सायलसला दक्षिणेचं देणार. त्याला सांगायची गरज पडणार नाही, मी बसलो की त्याला कळेल. म्हणजे आमच्यापुढे आई असेल, आणि भिंत असेल, आणि भिंतीशी काही नसेल. रेषा मागे कुठे मिळतात तेही बघितलं. सायलसपासून थोड्या लांब, बरोब्बर माझ्या पाठीशी. असू दे. ती जाईपर्यंत मी मागे वळणार नाही.

आज सकाळी खिडकी उघडून बघितलं. कालच्यापेक्षा ते वाढलंय. टाचणीएवढं होतं ते वाटाण्याएवढं झालंय, आणि मला पाठमोरं नाहीये.

म्हणजे सायलस निघाला.

जुन्या सवयीने माझे ओठ हलले. दिशा स्थिर, अंतर कमी होतंय. मी खिडकी लावली, बूट चढवले आणि पिशवी उचलली.